मैना म्हणजे बेळगाव नव्हे

'माझी मैना' या अण्णाभाऊ साठ्यांच्या छक्कडीचा अर्थ काय, असं कुणालाही विचारा. कॉलेजातले प्राध्यापक असोत, नाहीतर १ मेच्या स्टेजवरचा माईकवाला असो, उत्तर ठरलेलं. मैना म्हणजे बेळगाव. मैना म्हणजे कारवार, डांग, उंबरगाव. तिचा नवरा म्हणजे महाराष्ट्र. विरह म्हणजे सीमाप्रश्न. झालं. टाळ्या पडतात, पुढचा कार्यक्रम सुरू होतो.

आपल्या शिबिरांतही पोरं हेच सांगतात. 'वरवर ही लावणी वाटते, पण आतून राजकीय आहे' असं एक वाक्य टाकलं की समीक्षा झाली. या 'वरवर' आणि 'आतून'चा मला संशय आहे. गरीब माणसाची बायको गावात राहिली आणि तो पोटासाठी मुंबईला गेला, हे वरवरचं कसं काय? आणि नकाशावरची रेघ तेवढी आतली? ज्याच्या घरातलं कुणी पोटापायी बाहेर पडलेलं नाही, त्यालाच असं सुचू शकतं. ज्याला आपण सामाजिक भाष्य म्हणतो ते या लोकांना नेहमी कुठंतरी खोल दडलेलं हवं असतं. उघड्यावर पडलेलं त्यांना दिसत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मैना म्हणजे बेळगाव, हा अर्थ गाण्यात नाही. तो गाण्यावर चढवलाय. आणि तो चढवल्यामुळं गाण्यातली बाई, तिची गरिबी आणि त्या गरिबीचा जाब, तिन्ही गायब झाल्यात.

गाणं आधी नीट बघू. ओळी इथं लिहीत बसत नाही. तुम्हाला पाठ आहेत, नसतील तर वस्तीतल्या कुणा म्हाताऱ्याकडून ऐकून घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतलं हे गाणं. सांगणारा कामगार आहे. सुरुवातीला तो बायकोचं रूप सांगतो, लावणीच्या वळणानं. मग गरिबी येते आणि दोघांची ताटातूट करते. लक्षात घ्या, ताटातूट करणारी गरिबी आहे. नशीब नाही, देव नाही, सावकाराचं नाव नाही की सासूचं नाही. पहाटे तो निघतो. भाकर बांधलेली. ती त्याला घालवायला गावाच्या कडेपर्यंत येते आणि तिथं तिचा चेहरा पडतो. तिला हसवायला त्याच्याजवळ काय असतं? वचनं. दागिन्यांची वचनं. एकेक दागिन्याचं नाव घेऊन तो सांगतो, आणि तरी ती खुलत नाही. मग मुंबई. बेकारांच्या गर्दीत आणखी एक. मग मुंबईचं लांबलचक वर्णन. मग चळवळ, परळ, लालबाग, फाउंटन, रक्त. मग मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची झालेली गत. आणि पार शेवटाकडं, तिथं बेळगाव येतं. कारवार येतं, डांग येतं, उंबरगाव येतं.

ते कसं येतं हे बघायला पाहिजे. सगळी भानगड तिथं आहे.

शाळेत आपल्याला उपमा आणि रूपक शिकवतात. मार्कांसाठी शिकवतात, म्हणून आपण विसरतो. उपमेत दोन वस्तू शेजारीशेजारी उभ्या राहतात, दोन्ही जिवंत. रूपकात एक वस्तू दुसरीला गिळते. अण्णाभाऊंनी इथं उपमा केलीय. माझी गावाकडच्या मैनेशी भेट नाही, आणि तुकडे पडलेल्या या महाराष्ट्राची गतही तशीच झालीय, असा त्याचा सरळ अर्थ. मैना म्हणजे महाराष्ट्राचा तुटलेला तुकडा असं गाणं कुठंही म्हणत नाही. दोन ताटातुटी आहेत. एक नवरा-बायकोची, एक भाषिक मुलखाची. शाहीर दोन्ही एका दोरीत बांधतो, पण एकीत दुसरी बुडवत नाही.

आणि बाण कुठून कुठं जातो तेही बघा. शाहीर उपमा देतो ती ऐकणाऱ्याला जे माहीत आहे त्याच्या आधारानं, जे माहीत नाही ते सांगायला. गिरणगावातल्या श्रोत्याला डांग काय माहीत? उंबरगाव कुठं आलं, तिथं कोण राहतं, कशाला पाहिजे आपल्याला? पण बायको गावाला आणि आपण इथं, खोलीत पाळीपाळीनं झोपणाऱ्या गड्यांत, खाणावळीच्या डब्यावर, हे त्याला पक्कं माहीत. कोकणातला असो, सातारा-सांगलीकडचा असो. म्हणून शाहीर म्हणतो, तुझं जे झालंय ना, तसंच या मुलखाचं झालंय, आता कळलं? म्हणजे बायकोच्या विरहानं नकाशा समजावून दिलाय. आपल्या विद्वानांनी बाण उलटा फिरवला. त्यांनी नकाशानं बायको समजावून दिली. समजावून दिली म्हणजे पुसून टाकली.

हे केवळ व्याकरणाचं भांडण नाही. बेळगाव-कारवार १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलं, डांग-उंबरगाव १९६० ला गुजरातेत. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली. मैना म्हणजे सीमाभाग असं एकदा ठरवलं, की गाण्याची थकबाकी फक्त दिल्लीकडं आणि बंगळूरकडं उरते. मुंबईतल्या मंत्रालयाकडं काहीच उरत नाही. पण उपमा म्हणून वाचलं तर अर्धी थकबाकी इथंच आहे. राज्य झालं, ठीक. त्या कामगाराची बायको त्याच्याकडं आली का? की तिला गावातच पोटाला मिळालं? गाण्याचा पहिला अर्धा भाग हे विचारतो. सरकारी स्टेजवर हा प्रश्न कोण ऐकून घेणार? म्हणून मैनेला बेळगाव करणं सोयीचं.

मी १ मेचे जितके कार्यक्रम ऐकलेत त्यांत बहुतेक ठिकाणी गाण्याची सुरुवात होते, रूप होतं, दागिने होतात, मग एकदम उडी मारून फाउंटन आणि सीमा. मधली मुंबई गाळतात. वेळ नाही म्हणतात. मला तर ती मधली मुंबईच गाण्याचं काळीज वाटते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

हे गाणं कानानं ऐका. ओळीमागून ओळ कशानं संपते? 'ची' या प्रत्ययानं. यमक म्हणून आपण सोडून देतो. शाहिराला यमक लागतं, 'ची' सोपं, बस. पण 'ची' हा नुसता आवाज नाही. तो षष्ठीचा प्रत्यय आहे, मालकी सांगणारा. कोणाची? अमक्याची. अख्खं गाणं मालकी मोजत चाललंय. ही वस्तू कुणाची, ती वस्तू कुणाची. मुंबई कुणाची हे सांगताना शाहीर यंत्रं मोजतो, मोटारगाडी मोजतो, तलम साड्या मोजतो, माड्या मोजतो, जगणारे मोजतो, मरणारे मोजतो, फुकटखाऊ आणि चोर मोजतो. तलाठ्याच्या खातेउताऱ्यासारखं. आणि या सगळ्या उताऱ्यात त्या माणसाच्या नावावर काय आहे? कष्ट. ऊन, थंडी, पाऊस. गावाकडं एक बाई, तीही नजरेआड. शेवटी याच प्रत्ययाच्या माळेत तो सीमाभाग ओवतो आणि तिथं मालकी दुसऱ्याची झाली असं सांगतो. म्हणजे सीमाप्रश्नसुद्धा त्याच्या लेखी मालकीचाच प्रश्न आहे. अस्मितेचा, रक्ताचा, पूर्वजांच्या पराक्रमाचा नाही. ज्याच्या नावावर काही नाही असा माणूस विचारतोय, हे कुणाचं?

वामनदादा कर्डकांचं टाटा-बिर्लांना आमचा वाटा कुठं म्हणून विचारणारं गाणं आपण भीमजयंतीला म्हणतो. दोन्ही गाणी एकाच उताऱ्यावर बोट ठेवतात. वामनदादा समोर उभं राहून विचारतात, अण्णाभाऊ यादी वाचून दाखवतात. वामनदादांचं ऐकताना कुणी आतला अर्थ शोधत नाही, कारण तिथं पळवाटच नाही. अण्णाभाऊंच्या गाण्यात लावणी आहे, म्हणून रसिकाला पळवाट सापडली.

आता आपलं भांडण. आपलं म्हणजे आंबेडकरी पोराचं.

आपण हे गाणं ऐकताना आणखी एक गोष्ट ऐकायला पाहिजे, आणि ती म्हणजे गाण्यात जे नाही ते. या माणसाला जात नाही. त्याचं घर गावात आहे की गावाबाहेर, कळत नाही. चळवळीची फौज मोजताना कामगार आहे, शेतकरी आहे, मध्यमवर्ग आहे. भूमिहीन नाही. मांग नाही, महार नाही. आणि लिहिणारा कोण? वाळवे तालुक्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यात १९२० ला जन्मलेला, लहानपणी घरच्यांबरोबर पायी चालत मुंबई गाठलेला माणूस. त्याला जात माहीत नव्हती असं कोण म्हणेल? त्यानं 'फकिरा' लिहिली आणि १९५९ ला ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. जात सांगायची तिथं त्यानं सांगितलीय. मग इथं का नाही?

एक उत्तर असं की लाल बावटा कलापथकाचा हा शाहीर, १९४४ पासून अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर डफ घेऊन उभा राहिलेला. तिथं कामगार हीच जात. दुसरं उत्तर असं की चळवळीला एकी पाहिजे होती आणि जातीचं नाव काढलं की एकी फुटते असं सगळ्यांनाच वाटायचं. (एकी फुटते ती जात पाळल्यानं, नाव काढल्यानं नव्हे. पण हे सांगायला गेलं की आपणच फुटीर.) दोन्ही उत्तरांत तथ्य असेल. मला मात्र उत्तरापेक्षा ती रिकामी जागा महत्त्वाची वाटते. ती आपण भरून वाचली पाहिजे. भरून म्हणजे गाण्यात जात घुसवून नव्हे. गाण्यातल्या एकेका वस्तूला आपल्या वस्तीतून हात लावून.

दागिनेच घ्या. पांढरपेशा रसिक ती यादी ऐकून खूश होतो, जुन्या मराठी अलंकारांची नावं जपली म्हणून. वस्तीतल्या बाईला ती यादी कशी ऐकू येत असेल? डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं की लुगडं नेसायची पद्धत बदला, अंगावरचे ते जातीची ओळख देणारे गळाभर-हातभर दागिने टाकून द्या. कारण दागिन्यावरून, लुगड्याच्या काठावरून बाई कुठल्या वाड्यातली ते कळायचं, आणि चांगलं काही घातलं तर गावाचे डोळे फिरायचे. म्हणजे अंगावर काय घालायचं हे गाव ठरवणार. अशा घरातला नवरा गावाच्या कडेला उभा राहून बायकोला कोल्हापुरी साजाचं वचन देतो तेव्हा ते नुसतं लाडाचं बोलणं नाही. तो गावाच्या हुकमाबाहेरची गोष्ट कबूल करतोय, आणि ती करायला त्याला गावाबाहेर जावं लागतंय. आता कळतं ती खुलत का नाही. पैसा मिळेल की नाही ही एक धास्ती. मिळाला तरी अंगावर घालून गावातून चालता येईल का, ही दुसरी.

मुंबईही तशीच. गाण्यात यंत्रांची मुंबई आहे आणि काम मिळवायला धडपडणारा माणूस आहे. कुठलं काम? गिरणीत साचे खाते पगाराला बरे. तिथं अस्पृश्याला घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि त्याची थुंकी चालत नव्हती. घेत नव्हते कोण? नुसते मालक नव्हे. शेजारच्या साच्यावरचे कामगार, मराठी बोलणारेच. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न काढला, साचे खातं आमच्या माणसांना खुलं करा ही मागणी संपाच्या मागण्यांत घाला म्हणून युनियनला भाग पाडलं. म्हणून आपण जेव्हा गाण्यातल्या बेकारांच्या गर्दीचं ऐकतो तेव्हा त्या गर्दीतही रांगा होत्या हे आठवलं पाहिजे. भाषा एक होती, थुंकी वेगळी होती.

यापुढं आणखी अवघड जागा येते. संयुक्त महाराष्ट्राविषयी बाबासाहेब स्वतः काय म्हणत होते? १९५५ च्या त्यांच्या भाषिक राज्यांवरच्या पुस्तिकेत एका मराठी राज्याची मागणी नाही. मुंबई शहराचं वेगळं राज्य, आणि बाकी मराठी मुलखाची पश्चिम, मध्य आणि पूर्व अशी तीन, असा त्यांचा हिशेब. कारण? भाषा एक केली की त्या भाषेतली जी जात संख्येनं मोठी आणि जमीनवाली, तिच्या हातात सत्ता जाते आणि लहान जातींना दाद मागायला जागा राहत नाही. पुढं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत गेलं, ताकदीनं लढलं, दादासाहेब गायकवाड १९५७ ला नाशकातून लोकसभेवर निवडून आले. लढ्यात आपण नव्हतो असं कुणाला म्हणू देऊ नका. पण त्याच दादासाहेबांना राज्य यायच्या आदल्याच वर्षी, १९५९ ला, भूमिहीनांचा सत्याग्रह करावा लागला. खानदेशात, नाशिक-नगरकडं, मराठवाड्यात माणसं तुरुंगात गेली, कसायला पडीक जमीन द्या म्हणून. एक लढा मुलखाच्या मालकीचा, दुसरा त्या मुलखातल्या जमिनीच्या मालकीचा. पहिला जिंकला. दुसऱ्याचं गाणं १ मेला कुणी लावत नाही.

आणि पुढचा हिशेब आपल्याला पाठ आहे. १९७२ ला बावड्याचा बहिष्कार, १९७४ ला अकोल्याच्या ढाकळीत गवई बंधूंचे काढलेले डोळे, विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला म्हणून १९७८ ला मराठवाड्यात पेटवलेल्या वस्त्या, २००६ ला खैरलांजी. सगळं एकभाषिक राज्यात, मराठीत. बाबासाहेबांची १९५५ ची भीती आणि अण्णाभाऊंच्या गाण्यातली एकीची हाक या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की गाणं खोटं पडतं का? मला नाही वाटत. उपमा म्हणून वाचलं तर नाही पडत. कारण गाण्यानं पहिली ताटातूट मिटली असं कुठं म्हटलंच नाही. गावाकडची बाई शेवटपर्यंत गावाकडंच आहे.

गावाकडं की गावावर? दोन्ही पाठ ऐकायला मिळतात. शहरी गायक बहुतेक 'गावाकडं' म्हणतात, ते सोपं वाटतं. मला 'गावावर' जास्त पटतं. आपल्याकडं माणूस गावावर जगायचा. येसकराची भाकर गावावर, बलुतं गावावर. गावावर राहणं म्हणजे गावाच्या मर्जीवर राहणं. अण्णाभाऊंनी हे मनात धरून शब्द टाकला असं मी म्हणत नाही, त्यांच्या बोलीत तो सहज येतो. पण ज्याच्या बापानं गावावर भाकर मागितलीय त्याला तो शब्द टोचल्याशिवाय राहत नाही, आणि गाणं ऐकणाऱ्याचंही असतं.

आता गाण्यात जे खटकतं तेही बोललं पाहिजे, नाहीतर आपणही आरतीच करू. मोरारजींची गत सांगताना शाहीर रामायणात जातो. रावण येतो, इंद्रजित येतो, लंका जळते. आपल्या पोरांच्या कपाळाला इथं आठ्या पडतात आणि त्या बरोबर आहेत. ज्या अण्णाभाऊंनी तमाशाच्या गणातून गणपती काढला आणि त्या जागी मायभूमीला वंदन घातलं, गवळण टाकून दिली, त्यांनी खलनायकासाठी पुन्हा पोथीकडंच जावं? बचाव असा करतात की श्रोत्याच्या कानात जे आहे तेच शाहीर वापरतो. हा बचाव अर्धाच खरा. श्रोत्याच्या कानात गणपतीही होता, तो काढलाच ना? मला हा भाग गाण्यातला सगळ्यात कच्चा वाटतो. सुरुवातीला गरिबीचं नाव घेणारा शाहीर इथं दुष्ट आणि सुष्ट यांच्या गोष्टीत शिरतो, आणि मग फाउंटनची गोळी व्यवस्थेची न राहता एका राक्षसाची होते. राक्षस मेला की लोक घरी जातात.

पण शाहीर लोकांना घरी जाऊ देत नाही, हेही खरं. शेवटाला गाणं पहिल्यांदाच कुणाशी तरी बोलतं. तोपर्यंत मैनेविषयी बोलणं चाललंय, मैनेशी नाही. शेवटी ते समोरच्या गर्दीशी बोलतं. पळू नका, हटू नका, काम व्हायचंय अजून, अशा अर्थानं. आणि तिथं एक शब्द आहे, बिनी. सैन्याची आघाडीची फळी. बिनीवरचं काम अजून राहिलंय असं सांगून गाणं पुन्हा पहिल्या ओळीवर जातं, मैनेवर.

हा 'बिनी' शब्द तुम्ही दुसरीकडं ऐकलाय. अण्णाभाऊंच्याच 'जग बदल घालूनी घाव' मध्ये. तिथं गुलामीच्या चिखलात रुतलेल्याला अंग झाडून बाहेर यायला सांगितलंय, आणि बिनीवर जायला. तिथं धर्म आहे, गुलामी आहे, धनवंत आहे, आणि सांगणारे भीमराव आहेत. 'मैने'त जी जागा रिकामी होती ती इथं भरलीय. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, या वादात मी शिरत नाही. एका शाहिराच्या दोन गाण्यांत तीच फळी, तेच काम. एकात ते राहिलंय, दुसऱ्यात ते कर म्हणून सांगितलंय. पण आपण काय केलं? एक अण्णाभाऊ १ मेला दिला, एक ६ डिसेंबरला ठेवला. लाल वाल्यांनी एक घेतला, निळ्यांनी एक. सरकारनं पहिला उचलला, त्यातली मुंबई कापली आणि सीमाप्रश्नाच्या फायलीला टाचला. दोन्ही गाणी एका बैठकीत, एकामागून एक म्हणून बघा. 'मैना' लावणी राहत नाही आणि 'जग बदल' नुसती घोषणा राहत नाही.

एक गोष्ट राहिली, ती आपल्या बायांनी आमच्यापेक्षा नीट मांडावी. मैना अख्ख्या गाण्यात एक शब्द बोलत नाही. तिचं रूप आहे, चालणं आहे, पडलेला चेहरा आहे. तिचं म्हणणं नाही. तो मुंबईत चळवळ बघतो, ती काय बघते? उत्तर शाहिरांच्या पुस्तकात सापडायचं नाही, ते जात्यावर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यांत मुंबईला गेलेल्या नवऱ्याच्या आहेत, माहेराच्या आहेत आणि आपल्या वस्त्यांतल्या बायांच्या भीमरावाच्याही आहेत. दळता दळता त्या बाबासाहेबांना भाऊ म्हणतात, बाप म्हणतात. गावावर राहिलेली मैना काही मुकी नव्हती. ती वेगळ्या चालीत गात होती आणि तिथं माईक नव्हता. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ ला आलं. त्यातल्या बायांच्या मुलाखती वाचून मग ही छक्कड ऐका, रूपाच्या वर्णनाला तुम्ही टाळी वाजवणार नाही. वाजवलीत तर दोनदा विचार करून वाजवाल.

आमच्या कलापथकानं येत्या १ मेला गाणं न कापता म्हणायचं ठरवलंय. मुंबईचा भाग पाठ करायला पोरांना वेळ लागतोय, 'ची' वर 'ची' येते आणि श्वास पुरत नाही. दागिन्यांच्या आधी एका मुलीनं जात्यावरची ओवी घालायची सूचना केलीय, चाल जुळेल का ते बघतोय. भांडण रावणावर आहे. निम्मी पोरं म्हणतात तो भाग गाळा, आपल्या तोंडून लंका कशाला जाळायची. मी म्हणतो गाळू नका. सरकारनं मुंबई गाळली तर आपण ओरडतो, मग आपणही कात्री घ्यायची का? म्हणा, आणि म्हणून झाल्यावर थांबून लोकांना सांगा की इथं आम्हाला पटत नाही, आणि का पटत नाही. त्यावर डफवाला म्हणतो, गाण्यात मधेच भाषण केलं तर लोक उठून जातील. रविवारी बुद्धविहारात बैठक आहे, ज्यांना या भांडणात पडायचंय त्यांनी यावं. जयभीम.